ऋतूची घरातली अकरावी

९ जून, रविवार
आजपासून आमच्या लेकीची, ऋतूची, अकरावी सुरू. जागा : जेवणाचं टेबल.
जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून भिंतीवर चिकटवली. गणित निळं, भौतिक लाल, रसायन काळं. दोन वर्षं घरी अभ्यास, मग ओपन बोर्डाची बारावी, मग सीईटी, मग इंजिनिअरिंग. दहावी अशीच घरी बसून दिली आणि छान दिली. बारावीही होईल.
अडचण पहिल्याच दिवशी. भौतिकच्या सुरुवातीच्याच धड्यांत डेरिव्हेटिव्ह वापरलंय आणि गणिताच्या पुस्तकात ते पार शेवटाकडे. दोन्ही पुस्तकं लिहिणारे एकमेकांना भेटलेच नसावेत. की मुद्दामच? घरी कळू नये, म्हणजे क्लास लावावा लागतो.
सुनीता म्हणाली, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत कट दिसतो."
दिसतो. कंपनीत मला त्याचाच पगार मिळतो. समोर आलेला पार्ट बरोबरच असणार असं धरून चाललो तर पार्ट मोजून पास-नापास करणाऱ्या गेज रूममध्ये माझं काम काय?
ऋतू पेनांची टोपणं लावत बसली होती.

१५ जून
क्रम बदलला. त्रिकोणमिती, सदिश, मग डेरिव्हेटिव्ह कामापुरतं (फक्त t चे घात). त्यानंतरच गती. रसायनात मोलचा हिशेब आधी, अणूची रचना मागून. मोल पक्का नसेल तर पुढचं सगळं पाठांतर.
सुनीताची शाळा आज उघडली. निफाडच्या पुढे, वस्तीवरच्या शाळेत शिकवते. सकाळी सातला बाहेर. तिने कॅलेंडरकडे पाहिलं, म्हणाली, "छान." तिचं 'छान' मला ओळखता येतं. हे ते नव्हतं.

२३ जून, रविवार
कॉलेज रोडवर एका 'ॲडमिशन सल्लागारा'कडे गेलो. सुनीताचाच आग्रह, "नुसतं ऐकून तर घेऊ." काचेची केबिन, भिंतीवर हसऱ्या पोरांचे फोटो. माणूस गोड. फारच गोड.
"ओपन बोर्ड म्हणजे सर, रिस्क आहे. त्यापेक्षा नाव एका कॉलेजात, शिकवणी आमच्याकडे. हजेरीचं टेन्शन नाही."
मी विचारलं, कॉलेज कुठलं?
"ते आम्ही बघतो."
म्हटलं, मुलगी ज्या कॉलेजात शिकते त्याचं नाव बापाला माहीत नको?
तो हसला. मी उठलो. सुनीता मागे थांबून त्याच्याशी दोन मिनिटं बोलली. काय बोलली विचारलं तर, "काही नाही, थँक्यू म्हटलं."
दोन मिनिटं थँक्यू?

२ जुलै
फर्स्ट शिफ्ट. साडेतीनला घरी, चार ते सहा शिकवणी. दिवसभर ऋतू एकटीच असते. तिचं म्हणणं, घरी झोप येते, आठवड्यातून दोनदा अभ्यासिकेत जाते. मंगळवार, शुक्रवार. गंगापूर रोडची अभ्यासिका, सायकलने.
आमच्या पाथर्डी फाट्यापासून लांब पडते. जवळ दोन आहेत की.
"तिथं शांत असतं बाबा."
परवानगी दिली. येण्याजाण्याच्या वेळा लिहून ठेवायच्या या अटीवर. त्या दोन दिवशी शिकवणी पाचला. मान डोलावली. वाद नाही घातला. हे जरा जास्तच सोपं गेलं.

१९ जुलै
व्हर्नियर घरी आणलं, माझं स्वतःचं. नाण्याची जाडी, बांगडीचा व्यास, शेवग्याची शेंग. शून्य त्रुटी पहिल्यांदा सांगितली तेव्हाच कळली तिला. मोजमापात हात स्थिर आहे पोरीचा. माझ्यावर गेली.
गॅलरीत नटाला दोरा बांधून लंबक. दहा, वीस, तीस आंदोलनं. खालच्या काकू वर बघून म्हणाल्या, "काय हो, शाळा सोडून हे काय?" शाळा का सोडली ते सोसायटीत सगळ्यांना हवंय. सांगितलं एकालाही नाही.
इथं लिहून ठेवतो, कारण आता त्याच गोष्टीचा राग कमी होत चाललाय, आणि तो कमी व्हायला नको. नववीत, चाचणी परीक्षा. एक समीकरण हिने मी शिकवलेल्या रीतीने सोडवलं. वर्गात ती रीत झाली नव्हती. पेपरवर लाल शाईत शेरा : 'नक्कल'. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आमच्यासमोर पुन्हा सोडवून दाखवू दे, शेरा काढतो. मी म्हटलं, जिने चोरी केली नाही तिने झडती का द्यायची? तिथल्या तिथे दाखला मागितला.

१८ ऑगस्ट, रविवार
डेरिव्हेटिव्ह आटोपलं. ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी. गतीची गणितं भराभर सुटताहेत.
फारच भराभर.
मी शिकवताना ती अडखळते. दोन दिवसांनी वही बघावी तर स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. मधल्या दोन दिवसांत काय होतं? मोबाइल तपासला. अभ्यासाचे व्हिडिओ, मैत्रिणीचे मेसेज, मांजरांचे फोटो. काही नाही. म्हणजे पुसलेलं असेल.

३ सप्टेंबर, मंगळवार
आज एक गोष्ट केली. बरोबर की नाही, नंतर ठरवीन.
सरावाच्या पुस्तकात एक गणित आहे. वीस मीटर उंच मनोऱ्यावरून चेंडू पंधराच्या वेगाने सरळ वर फेकला, जमिनीवर किती वेळात येईल? उत्तर चार सेकंद. पुस्तकात मागे छापलंय एक. छपाईची चूक नव्हे, चिन्हाची. उत्तर काढणाऱ्याने चेंडू खाली फेकलाय. नुसता हातातून सोडला तरी दोन सेकंद लागतात, वर फेकलेला एकात कसा येईल?
हेच गणित दिलं. बाकी चार साधी, मध्ये हे. उत्तरांची पानं पुस्तकातून काढायची विसरलो असं दाखवलं.

५ सप्टेंबर
एक सेकंद.
रीतही तशीच लिहिलीय. व्यवस्थित, पायरीपायरीने, आणि दुसऱ्याच ओळीत वजाचं अधिक केलंय. उत्तर आधी बघून मग गणित त्याच्याकडे ओढत नेलंय.
पानाचा फोटो काढून ठेवला. कंपनीत रिजेक्ट पार्टचा ठेवतो तसा.
जेवताना तिने विचारलं, "बाबा, बरोबर आली ना सगळी?"
"बघतो," म्हटलं.
शिकरण केली होती. वाटी तशीच झाकून ठेवली.

६ सप्टें.
सुनीताला सांगितलं. ती वह्या तपासत होती, मान वर न करता म्हणाली, "तिला विचारा ना सरळ."
"विचारलं तर कळेल तिला की मी पाहतोय."
"तिला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

२४ सप्टेंबर, मंगळवार
रसायन. मीठ-पाण्याची द्रावणं, हळदीचा कागद, लिंबू, सोडा. मोजायला इंजेक्शनची सिरिंज, सुई काढून. आमची प्रयोगशाळा एवढीच. मी दट्ट्या हळू दाबायला सांगत होतो, तर ऋतू म्हणाली, "ब्युरेटच्या काचेच्या नळीपेक्षा हे सोपं आहे, त्याचा नळ सारखा गळतो."
म्हटलं, कुठला नळ?
"व्हिडिओत होता."
व्हिडिओतला नळ गळतो हे हिला कसं कळलं?

१५ ऑक्टोबर, मंगळवार
दसऱ्याची सुट्टी संपली, शिकवणी पुन्हा सुरू.
तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर तपकिरी डाग. तर्जनी आणि अंगठा. मेंदी नाही, हळद नाही, शाई नाही. साबणाने जात नाही.
"काय लागलं?"
"अक्रोड सोलले."
घरात अक्रोड नाहीत. अभ्यासिकेत कोण अक्रोड सोलतं?
मन नको तिथं जातंय. कोणी भेटतं का तिला? पंधरा-सोळाचं वय. सिगारेटचा डाग पिवळट असतो ना? वास घेतला, तिच्या नकळत, ओढणी घडी करताना. नुसता कापडाचा.
हे लिहिताना लाज वाटते आहे. तरी लिहितो.

१० नोव्हेंबर, रविवार
दिवाळीत सगळे जमले होते. मेव्हणा (सुनीताचा भाऊ) म्हणाला, "दाजी, मग भाचीचं कॉलेज कसं चाललंय?" सुनीता लगेच, "अरे घरचंच कॉलेज रे." तो चिवडा खात राहिला. ऋतू उठून आत गेली.
चुकून म्हणाला की माहीत असून?

२९ नोव्हें., शुक्रवार
शिफ्ट सुटल्यावर गंगापूर रोडला गेलो. अभ्यासिकेत विचारलं. रजिस्टरवर तिची सही, सकाळी सव्वादहाची. बाहेर गेल्याची वेळ नाही. टेबलावरच्या ताई म्हणाल्या, "सही करून जातात काही मुली. आम्ही काय कोणाच्या मागे फिरत नाही."
ती घरी पाच वाजता आली. माझ्या वहीत लिहिलं, '१०.१५ ते ४.१५, अभ्यासिका'. अक्षर मोत्यासारखं.

६ डिसेंबर, शुक्रवार
रजा टाकली. साहेबांना सांगितलं, दवाखान्यात जायचंय.
दहाला अभ्यासिकेसमोरच्या रसवंतीपाशी गाडी लावून उभा. हेल्मेट काढलं नाही. रसवंतीवाल्याने दोनदा विचारलं, "काका, देऊ का?" थंडीत उसाचा रस. घेतला.
ती आली. सायकल लावली. आत गेली. आठ-दहा मिनिटांत बाहेर, खांद्यावर दुसरी पिशवी. डावीकडे वळली, मग मेडिकलच्या बोळात. मी चालत मागे. स्वतःच्या मुलीच्या मागे, हेल्मेट घालून, चालत.
पिशवीतून पांढरा कोट काढला तिने. चालता चालता घातला. आणि एका कॉलेजच्या फाटकातून आत गेली, वॉचमनला "काका" म्हणून हात करत.
मी फाटकाशी. वॉचमन : "कोण पाहिजे?"
"माझी मुलगी."
"कोणत्या वर्गाला?"
मला सांगता येईना.
तेवढ्यात पायऱ्यांवरून एक वयस्क गृहस्थ खाली आले, हातात चहाची किटली. प्रयोगशाळेतले मदतनीस. बोलण्यावरून सटाण्याकडचे, 'आहे'ला 'शे' म्हणणारे. ऋतूचं नाव सांगितल्यावर चेहरा उजळला.
"तुम्ही वडील का? या, या. पोरीचा हात लय स्थिर शे बरं का. परमँगनेटचं टायट्रेशन, ते जांभळं पाणी बोटाला लागलं की तपकिरी डाग पडतो, पण एक थेंब इकडचा तिकडं नाही." मग आवाज खाली आणून, "आणि तुमची तब्येत? आता कशी शे?"
"माझी?"
"मॅडम बोलल्या होत्या ना जूनमधी, नाव घालायला आल्या तेव्हा. वडिलांना त्रास शे, पोरगी रोज येणार नाही, फक्त प्रॅक्टिकलला येईल. आमच्याकडं तसं कोणीच रोज येत नाही म्हणा, सगळे क्लासला."
मॅडम. जूनमध्ये.
म्हटलं, "बरी आहे आता."
खिडकीतून दिसली. कोट, मागे बांधलेले केस, डोळे काचेच्या नळीच्या रेषेवर. शेजारची मुलगी काहीतरी बोलली, ऋतू हसली. असं हसताना तिला नववीनंतर पाहिलं नव्हतं.
आत गेलो नाही. किटलीतला चहा त्यांनी अर्धा कप दिला. उभ्याने प्यालो.

तोच दिवस, संध्याकाळ
सुनीता सहाला आली. ऋतूला मी दुकानात पाठवलं होतं.
"मला कुठला आजार आहे?" एवढंच विचारलं.
ती पर्स हातात धरून उभी राहिली. मग खुर्ची ओढून बसली. आकांडतांडव नाही. जणू रोज वाट बघत होती.
"अकरावीला तिचं नाव घातलं मी. तुमची पद्धत फसली तर पोरीच्या हातात काहीतरी असावं म्हणून."
"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता."
"नव्हता."
एक शब्द. पुढचेही तिचेच.
"शाळेतून काढलंत तेव्हा मला विचारलं नव्हतं. घरी येऊन सांगितलंत. मी वस्तीवर दारोदार फिरते, ऊसतोडीला निघालेल्या बाया-माणसांच्या हातापाया पडते, पोरांना शाळेत ठेवा म्हणून. आणि माझी पोर घरी. तिथं कोणी विचारलं, बाई तुमची मुलगी कुठल्या शाळेत, तर मी काय सांगत होते माहितीये? खोटं."
"मग माझ्याशीही खोटं."
"हो. एक खोटं असं सांभाळायचं म्हणजे दुसरं लागतंच."
"आणि तिला त्यात ओढलंस."
इथं मात्र रडली.

८ डिसेंबर, रविवार
दोन दिवस शिकवणी बंद. कोणी विषय काढला नाही. मिसळ मागवली, तिघांनी तीन ठिकाणी बसून खाल्ली.
दुपारी ऋतू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात कच्च्या कामाची वही, मी कधी न पाहिलेली.
"बाबा, ते मनोऱ्यावरच्या चेंडूचं. उत्तर चुकीचं छापलंय हे तुम्हाला माहीत होतं ना?"
खोटं बोलायचा विचार मनात आला. आला, हे लिहितो. "हो," म्हटलं.
वही उघडली. गणित तिथं होतं. पहिल्या झटक्यात सुटलेलं. चार सेकंद. खाली दोन रेघा.
"माझं बरोबर होतं. मग मागे बघितलं तर एक. म्हटलं, पुस्तक कसं चुकेल, मीच चुकले असणार. तुम्ही तपासणार होतात. मग चिन्ह बदललं."
"मला विचारायचंस."
"विचारलं होतं. जेवताना. तुम्ही म्हणालात, बघतो."
तिने वहीचं पान उलटलं.
"लॅबमधल्या सरांना दाखवलं नंतर. ते बोलले, पुस्तक चुकलंय. मग मला कळलं तुम्ही मुद्दाम दिलं असणार. तेव्हापासून प्रत्येक गणितात मी आधी बघते, यात काय लपवलंय."
मग ज्याची मला कल्पनाच नव्हती ते बोलली. "आणि नववीचा पेपर. मला बसायचं होतं परत. त्यांच्यासमोर. मला येत होतं ते. तुम्ही बसू दिलं नाही. बाहेर आलो आपण, आणि सगळ्यांना वाटलं की हिने केलीच असणार, म्हणून पळाली."
ती रडली नाही. मी तिच्या वयाचा असतो तर वही फेकली असती. तिने ती नीट बंद करून टेबलावर ठेवली.

१५ डिसें.
आठवडा गेला. काय लिहू.
फोटो काढून ठेवला होता त्या पानाचा, तो डिलीट केला. त्याने काही होत नाही.
सुनीताशी कामापुरतं बोलणं. गॅस, दूध, किल्ली. तिच्यावरचा राग खरा आहे. आमच्यातलं कोणी चोर नाही आणि तरी प्रत्येकाने काहीतरी लपवलं.
ऋतू आता मंगळवार-शुक्रवार सरळ दारातून कोट हातात घेऊन निघते. वहीत वेळ लिहीत नाही. मीही विचारत नाही. पण सव्वाचारला घड्याळ बघतो.

१ जानेवारी, बुधवार
ऋतूने भिंतीवरचे सगळे कागद काढले. न विचारता. स्वतःचा एकच कागद लावला. गणित रोज, तिचं तिने. रसायन कॉलेजात. भौतिक 'बाबा, आठवड्यातून तीनदा'. खाली बारीक अक्षरात : 'शिकवायला. तपासायला नाही.'
सुनीताने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवायला गेलो.
सीईटीचं नाव आहे कागदावर. इंजिनिअरिंगचं नाही. राहिलं असेल. की काढलं असेल? विचारायचं नाही असं ठरवलंय.

१९ जाने., रविवार
विचारलं.
"बाबा, इंजिनिअरिंग कोणी ठरवलं होतं?"
आठवून पाहिलं. कोणीच विचारलं नव्हतं. मला वाटत होतं, ठरलंच आहे.
"मग काय करायचंय?"
"अजून बघतेय."
पूर्वीचा मी असतो तर म्हटलं असतं, काहीतरी लपवतेय. आताही वाटलंच. पण बघतेय म्हणजे खरंच बघत असेल.

९ फेब्रुवारी, रविवार
फिरणाऱ्या वस्तूंचा धडा. सायकलचं चाक काढून आणलं, आसाच्या दोन टोकांना धरून फिरवलं. चाक फिरत असताना आस वळवायला गेलं की ते भलतीकडेच जातं. ऋतूने विचारलं, "असं का?"
पुस्तकात दोन ओळी. मी वाचल्या. पुन्हा वाचल्या. कंपनीत इतकी वर्षं फिरणारे पार्ट मोजतोय.
"मला येत नाही," म्हटलं.
ती बघतच राहिली. "खरंच?"
"खरंच."
"म्हणजे हे पण मुद्दाम नाही ना?"
"नाही गं."
मग दोघं जमिनीवर बसलो, चाक मधे. तासभर. ती बाण काढत होती, मी चाक वळवत होतो. शेवटी तिला आधी कळलं. मला समजावलं तिने. दोनदा. दुसऱ्यांदा जरा ओरडून.
सुनीताच्या शाळेतल्या कोणी द्राक्षं दिली होती. ती प्लेट घेऊन आली आणि दारातच थांबली. मग खाली बसली आमच्यात. चाक फिरवून पाहिलं.

२१ फेब्रु.
ऑनलाइन सराव परीक्षा, सीईटीच्या धर्तीवर. मार्क कमी. फारच कमी. रसायन चांगलं, गणितात वेळ पुरला नाही.
सुनीता : "कॉलेजात रोज गेली असती तर..."
मी : "घरी सलग अभ्यास झाला असता तर..."
दोघं एकदम थांबलो. ऋतू तिच्या खोलीत. दार बंद, कडी नाही.

२ मार्च, रविवार
बारावीचं ठरवायची वेळ आली. दोन वाटा : कॉलेजातच बारावी करायची, किंवा तिथून नाव काढून ओपन बोर्डाचा फॉर्म भरायचा. दोन्ही एकदम करता येत नाहीत, दोन्हीकडे विचारून आलो. मी ओपन बोर्डाच्या केंद्रावर, सुनीता कॉलेजात. एकमेकांनी काय विचारलं ते दोघांनी परत एकमेकांना विचारून खात्री करून घेतली. असं झालंय आमचं.
माझी बाजू : घरी तिचं गणित तिच्या वेगाने पुढे जातं. सुनीताची : तिथं लॅब आहे, मैत्रिणी आहेत, ती हसते. तिची बाजू खोटी नाही, मी खिडकीतून पाहिलंय. माझीही खोटी नाही.
ऋतूने दोघांचं ऐकलं. "झालं?" म्हणाली. "आता मला चार दिवस द्या आणि एकमेकांशी या विषयावर बोलू नका. मला ऐकू येतं."

६ मार्च, गुरुवार
संध्याकाळी सहा. मी नुकताच अंघोळ करून आलो होतो. ऋतू आली. जाड कागद, तीन घड्या घातलेला, सहीची रेघ तेवढी उघडी. खाली छापलेलं, 'पालकाची सही'.
"सही करा."
"कुठला फॉर्म?"
"मी ठरवलंय. तुम्हाला आत्ता सांगितलं की तुम्ही बोलत बसाल, मग आई बोलेल, मग माझं मत बदलेल आणि परत कोणाला तरी वाटेल की आपलं ऐकलं. उद्या सकाळी भरून आले की सांगते."
"बघू तर दे."
तिने तळवा कागदावर ठेवला. बोटांवर तपकिरी डाग. "बाबा."
पेन हातात होतं. घडीच्या कडेतून एक अक्षर दिसत होतं. कदाचित 'वी'. 'बारावी' दोन्हीकडे असणार, त्यातून काही कळत नाही. हे एवढं मी पाहिलं, खोटं कशाला बोलू. मग डोळे सहीच्या रेघेवर आणले.
केली सही.
ती कागद घेऊन गेली. "थँक्यू" नाही, काही नाही. खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं.
सुनीता साडेसहाला आली. चपला काढता काढता, "काय भरलं तिने?"
"माहीत नाही."
"सही तुम्ही केलीत ना?"
"केली."
"आणि बघितलं नाही?"
"नाही."
ती ओट्याकडे वळली. कुकर लावला, कोथिंबीर निवडली, आणि मध्येच थांबून पुन्हा म्हणाली, "सांगा ना. मी तिला कळू देणार नाही."
मी शपथ घेतली, खरंच माहीत नाही म्हणून. तरी तिला वाटतंय, मी लपवतोय.